बालाजीच्या गावी, चुंबकमापक घेऊन

माझी सगळी नोकरी समुद्रावर गेली. तळाशी जे विझलेले ज्वालामुखी उभे आहेत, पाण्याबाहेर कधीच डोकं न काढलेले डोंगर, त्यांच्या खडकात किती चुंबकत्व मुरलेलं आहे याचा अंदाज बांधायचा, हे माझं काम. म्हणून मी बीड जिल्ह्याला निघाले तेव्हा बहिणीनं विचारलं, "तिथं कुठला गं समुद्र?" बालाजीच्या गावी चाललेय, असं सांगितल्यावर तिनं माझी बॅग भरायला घेतली.

बालाजी माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. घाटनांदूरचा. माझ्या कोकणी हेलाची तो नक्कल करायचा आणि मी त्याच्या 'लई'ची आणि 'न्हाई'ची. आदल्या वर्षीच्या मोहिमेत, किनारा दूर असताना, जहाजावरच त्याचं हृदय बंद पडलं. त्याला दुसऱ्या बोटीनं बंदराला नेलं आणि आमचं जहाज ठरल्या मार्गानं पुढं गेलं. अंत्यविधीला मी नव्हते.

होळीच्या सुमाराला त्याच्या बायकोचा, सुरेखाचा फोन आला. तिनं सरळ विचारलं, "ताई, तुमचं ते चुंबकाचं यंत्र जमिनीवर चालतं का?"

चालतं, म्हटलं.

मग तिनं सगळं सांगितलं. गावातल्या बायकांची एक दूध संस्था आहे, ती तिची सचिव. पाऊस सलग दोन वर्षं आलेला नाही. विहिरी आटल्या, बोअर आटले. पाणाड्यानं नारळ हातावर धरून दाखवलेल्या जागाही कोरड्या निघाल्या. आता संस्था सगळ्यांच्या मिळून एक शेवटचा बोअर घेणार आहे. पाणी लागलं तर गाई गावात राहतील, नाही लागलं तर बाजारात जातील. "हे म्हणायचे, आपल्या माळाखाली काळ्या दगडाची भिंत गेलीय, यंत्रानं घावती. पुढच्या सुट्टीत यंत्र घिऊन येतो म्हणलते."

"सुरेखा, यंत्राला पाणी दिसत नाही. दगड दिसतो."

"दगडच दाखवा," ती म्हणाली. "पाण्याचं आमी बगतो."

मांजरसुंबा

पुण्याहून एका मित्राच्या प्रयोगशाळेतलं चुंबकमापक उसनं घेतलं. ते लाकडी पेटीत असतं. एसटीच्या टपावर टाकायची हिंमत होईना, म्हणून मांडीवर घेऊन बसले. जामखेडच्या पुढं शेजारी एक गृहस्थ येऊन बसले, त्यांनी बराच वेळ पेटीकडे पाहिलं आणि आदरानं विचारलं, "बाई, कुठी भजन हाय का?" त्यांना ती बाजाची पेटी वाटली होती. मी नाही म्हटल्यावर ते खट्टू झाले. म्हणाले, सप्ते होतात गावोगाव, पण यंदा पंगतीला पाणी कुठून आणावं, म्हणून बऱ्याच ठिकाणी नुसतीच पोथी.

खिडकीबाहेर हिरवं असं काही नव्हतं. आमच्याकडे उन्हाळ्यात डोंगर पिवळा पडतो, पण त्याच्या पोटात कुठंतरी एखादा आंबा, एखादी फणसाची रांग काळपट हिरवी असते. इथं बाभळीसुद्धा राखेच्या रंगाच्या. रस्त्यावर उसानं भरलेले ट्रक एकामागून एक चाललेले. कारखान्याकडे असतील असं मला वाटलं. ते छावण्यांकडे चालले होते, गुरांना ऊस घालायला.

मांजरसुंब्याला बस जेवायला थांबली. ढाब्यावर शेवभाजी, भाकरी आणि जिभेला फोड येईल असा ठेचा. हात धुवायला उठले तर नळाच्या तोटीला चिंधी बांधलेली. मालकानं जुना पेपर पुढं केला. "हात पुसा ताई, धू नका. प्यायला मागा, देतो." माझ्या गावी पाहुणा आला की आधी पायांवर पाणी. इथं पेल्याभर प्यायच्या पाण्यात सगळा पाहुणचार आला होता, आणि त्या माणसानं तो पेला दोन्ही हातांनी पुढं केला.

पेटीत काय, हे त्यालाही हवं होतं. समुद्राच्या बुडाशी डोंगर असतात आणि आम्ही त्यांचं चुंबकत्व मोजतो, असं सांगितलं.

"बगितले कुनी डोंगर?"

"कुणीच नाही. पण त्याच्या डोक्यावरून जहाज गेलं की वर चुंबकाचं बळ कमीजास्त होतं. त्यावरून कळतं."

त्यानं मान डोलवली. "म्हंजे न बगता वळखायचं. आमी बी तेच करतो की. पाऊस."

घाटनांदूर

सुरेखा मला घ्यायला संस्थेचा टेम्पो घेऊन आली होती. मागं दुधाच्या कॅनी, निम्म्या पालथ्या घातलेल्या. लहानखुरी बाई, चाळिशीच्या आतली, डोक्यावरचा पदर कानामागं घट्ट खोचलेला. मी कवेत घेईन म्हणून हात पुढं केले तर तिनं पेटीच घेतली. "जड हाय. द्या इकडं."

घरी बालाजीचे वडील होते. सगळे त्यांना नाना म्हणतात. पूर्वी हे मेंढरं राखणारं घर. नानांनी तरुणपणी कळप घेऊन किती मुलूख पायांखाली घातला असेल कोण जाणे. पुढं जमीन घेतली, मेंढरं गेली, गाई आल्या. उंच, कोरडा माणूस. त्यांनी माझ्याकडे पाहण्याआधी पेटीकडे पाहिलं.

"ही त्याचीच का?"

"नाही नाना. पण अशीच होती. यानंच काम करायचो आम्ही."

त्यांनी पेटीवर तळवा ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि काढून घेतला.

जेवायला हुलग्याचं शेंगोळं होतं, लसणाच्या फोडणीचं, वर ज्वारीची भाकरी. भाजी म्हणून उन्हात वाळवून ठेवलेल्या गवारीच्या शेंगा. आंघोळीची पद्धत सुरेखानं समजावून सांगितली: बाजेवर बसायचं, बाजेखाली घमेलं. अंगावरून खाली गळेल ते पाणी गाईला. "साबण तेवढा लावू नका ताई, त्यांना वास येतो." मी त्या बाजेवर बसून तांब्याभर पाण्यात आंघोळ केली. घमेल्यात साठलेलं पाणी सुरेखानं उचलून नेलं आणि गोठ्यातून गाय ते पिते आहे, असा आवाज आला.

संध्याकाळी संकलन केंद्रावर गेलो. बायका तांबे, बरण्या, छोट्या किटल्या घेऊन आलेल्या. कुणाचं दूध तांब्याच्या निम्म्यालाही येत नव्हतं, तरी प्रत्येकीचं सुरेखा नीट मापून, फॅट पाहून घ्यायची, कुणाला लाज वाटू नये म्हणून मापाकडेच बघत. शांताबाई नावाच्या एका म्हाताऱ्या सभासद बाई म्हणाल्या, "गड्यांची सोसायटी इलेक्शनमंदी गेली. आमची दुधात ऱ्हायली, म्हनून टिकली." बायका हसल्या. त्या हसण्यात मीही होते, आणि मला भीती वाटत होती. या सगळ्या माझ्या पेटीची वाट पाहत होत्या.

माळावर

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू केलं. समुद्रावर हे यंत्र दोराला बांधून जहाजाच्या खूप मागं पाण्यात ओढत न्यावं लागतं, कारण जहाजाचं लोखंड मोजमाप बिघडवतं. जमिनीवर आपणच जहाज. मी किल्ल्या, घड्याळ, मोबाईल, केसातल्या पिना सगळं काढून ठेवलं. सुरेखानं सेफ्टी पिना काढल्या आणि पदर दातात धरला. तरी आकडे वेडेवाकडे उड्या मारायला लागले. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं, दुसरीकडे जावं, सगळं करून पाहिलं. शेवटी लक्षात आलं की नाना जवळ आले की आकडा उडतो. त्यांच्या वहाणांना खाली लोखंडी नाल होते.

मी सांगायला संकोचले. त्यांनी वहाणा काढून बाभळीखाली ठेवल्या आणि तापल्या मुरमावर अनवाणी चालू लागले. सावलीत बसा म्हटलं तर म्हणाले, "लेकाचं काम बगू द्या की."

दुसरी अडचण विजेची. माळावरून तारा गेलेल्या. लाईट असली की यंत्र गोंधळतं. त्यामुळे लोडशेडिंगवर खूश होणारी घाटनांदुरात मी एकटीच असेन. लाईट गेली की सुरेखा ओरडायची, "गेली ताई, पळा!" आणि आम्ही दोघी दोरी लावून आखलेल्या रेषेवर थांबत, आकडा घेत, पुढं सरकत जायचो.

भिंत सापडली. बालाजी म्हणाला होता तिथंच. लाव्हाचे थर थंड झाल्यावर त्यांना तडा गेला, तड्यातून नवा लाव्हा वर घुसला आणि उभा गोठला. तीच ही भिंत. वरून माळ सारखाच दिसतो, पण तिच्यावरून जाताना आकडा चढतो आणि पलीकडे एकदम खाली पडतो. आम्ही ओळीनं दगडांवर चुना टाकत गेलो. गायरानातून तिरकी गेलेली पांढरी रेघ तयार झाली. अशा भिंतीच्या चढाकडच्या अंगाला कधीकधी पाणी अडून राहतं. कधीकधी. मी ते सभासद बायकांना जमवून दोनदा सांगितलं. सुरेखानं तिसऱ्यांदा, त्यांच्या भाषेत.

बोअरची जागा गायरानातच धरली, म्हणजे पाणी कुणा एकीचं व्हायला नको.

त्या दिवशी दिवेलागणीला नाना माझ्यासमोर येऊन बसले. सुरेखा दाराच्या आत उभी होती.

"बाई, तुमी होता तिथं. कसा गेला तो?"

हे विचारतील हे मला निघतानाच ठाऊक होतं. मी सांगितलं. सकाळची वेळ होती. आमचं जहाज एका डोंगराच्या डोक्यावर आलं होतं. पडद्यावरची रेघ वर चढेल असं आम्ही धरलेलं, ती खोल खाली गेली. बालाजी ओरडला, "मॅडम, उलटा हाय! डोंगर उलटा हाय!" खुर्चीत बसून हसायला लागला. मी चहा आणायला गेले. परत आले तेव्हा त्याचं डोकं टेबलावर टेकलेलं होतं. मला वाटलं, आकडे जवळून बघतोय.

जहाजावरच्या डॉक्टरांनी केलं ते सगळं सांगितलं. नाना ऐकत होते की नाही कळत नव्हतं. मग म्हणाले,

"च्या पेला का त्यानं?"

"नाही नाना."

आतून सुरेखाच्या बांगड्या थोड्या वाजल्या आणि थांबल्या.

"उलटा म्हंजे काय?" नानांनी विचारलं.

मी सांगितलं की तापलेला दगड थंड होताना पृथ्वीच्या चुंबकाची दिशा आपल्यात धरून ठेवतो. कोट्यवधी वर्षांत ती दिशा कितीदा तरी उलटली आहे. उत्तरेची दक्षिण झाली आहे. डोंगराचा आकार खोली मोजून कळतो. असा डोंगर अमुक इतका चुंबकी असता तर वर काय दिसलं असतं, ते गणितानं काढायचं आणि मोजलेल्याशी ताडून बघायचं. जुळलं की कळतं, तो किती चुंबकी आहे, कुठल्या दिशेनं, आणि जन्मला तेव्हा पृथ्वीच्या पाठीवर कुठं होता. तो डोंगर विषुववृत्ताच्या खूप खाली जन्मला होता. सरकत सरकत वर आला. हे गणित बालाजीनं मांडलेलं होतं, मी नंतर पुरं केलं. नानांच्या गोठ्याखालचा दगडही तसाच दूर, दक्षिणेला जन्मलेला आहे.

"नाव काय त्या डोंगराचं?"

"नाव नाही. नंबर आहे."

"आन् पानी किती, त्याच्यावर?"

"अंबाजोगाईचा घाट एकावर एक दहा वेळा ठेवला तरी बुडेल, इतकं."

नाना उठले. गोठ्यात जाऊन गाईपुढं उभे राहिले.

बोअर

गाडी आली तेव्हा सगळ्या सभासद जमल्या होत्या. हळद-कुंकू वाहिलं, शांताबाईंनी नारळ फोडला आणि त्यातलं पाणी घोटभरही वाया न घालवता लहान लेकरांना वाटलं. यंत्राचा आवाज सुरू झाला की बोलणं संपतं. आधी तांबूस मुरमाची भुकटी, मग काळसर, मग राखाडी. पाइपामागून पाइप खाली जात होते.

मध्येच भुकटी दमट झाली. गोळा होऊन पडायला लागली. बायका ओरडल्या, कुणी कुणाला मिठी मारली. सुरेखा पुढं धावली, तो ओला चिखल तिनं मुठीत घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. ती हसली. माझ्या तिथल्या मुक्कामात तेवढंच तिला हसताना पाहिलं.

थोड्याच वेळात पुन्हा कोरडी धूळ यायला लागली, आणि मग धूळच येत राहिली. ठरलेले पाइप संपले. गाडीवाल्यानं यंत्र थांबवून विचारलं, "अजून टाकायचे का?"

सगळ्यांनी सुरेखाकडे पाहिलं. सुरेखानं माझ्याकडे. भिंत होती. मोजमाप चुकलं नव्हतं. पण खाली आणखी काय आहे हे सांगणारं माझ्यापाशी काही नव्हतं, आणि तसं मी म्हणाले.

"बास," ती म्हणाली.

बायकांच्या केसांवर, पापण्यांवर धूळ बसलेली. कुणीही रडलं नाही. एकेक बाई उठून वाटेला लागली. मी सुरेखाजवळ गेले. ती म्हणाली, "तुमी पानी सांगितलंच नव्हतं ताई. दोन साल वरून पडलं न्हाई, तर भिंतीमागं साठंल कुठून? ह्यांनी सांगितलेली जागा बगायची ऱ्हायली असती, तर जल्मभर वाटलं असतं."

संध्याकाळी केंद्रापुढं बैठक झाली. दुपारपासूनच दोन व्यापारी गावात फिरत होते. कोरड्या बोअरची बातमी त्यांना आमच्याआधी कळली असावी. एक-दोघींनी गाई द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं.

सुरेखा उभी राहिली. "एकेकटीनं इकली की संस्था मेली. पाऊस आला तरी मग कुठली जमतीय? माझं म्हायेर तलवाड्याचं. भावांचं शेत गंगथडीला हाय, नदीच्या डोहात थोडं पानी हाय, चाऱ्याला कडवळ हाय. पोटापुरतं द्यायला ते तयार हायत. समद्या गाई एकाच जागी नेऊ. जगल्या तर समद्यांच्या जगतील."

"राखनार कोन?"

"मी," नाना मागून म्हणाले. "मेंढरं राखलीत जल्मभर. गाई काय जड हायत का?"

तलवाडा

ट्रक भरायला सकाळ गेली. गाई फळीवर पाय ठेवायला तयार नव्हत्या. प्रत्येकीची मालकीण पुढं उभी राहून नावानं हाक मारी, तेव्हा कुठं एकेक चढे. चढली की ती बाई पाठ फिरवून निघून जायची. मीही तिथूनच परतीची बस धरणार होते, म्हणून सुरेखाबरोबर ट्रकच्या केबिनमध्ये बसले. नाना मागं गाईंत उभे.

गेवराई जवळ आली तेव्हा नानांनी केबिनवर थाप मारली. एक गाय खाली बसली होती. ट्रक बाजूला घेतला. नानांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, तोंडात बोटांनी पाणी सोडत होते. पाणी बाहेर ओघळत होतं. थोड्या वेळानं त्यांनी हात थांबवला.

ती शांताबाईंची गाय होती.

सुरेखानं फोन काढला आणि हातातच धरून ठेवला. रस्त्यावरून उसाचे ट्रक जात होते. शेवटी तिनं फोन लावला. मी ऐकलं ते एवढंच: "शांतामावशी, तुमची बरी हाय. माझी गेली." फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता माझी ती त्यांची." सुरेखानं दिलेली ती गाय बालाजीनं लग्नाच्या पुढच्या वर्षी घेतलेली होती, हे नानांनी मला नंतर सांगितलं.

तिच्या भावांनी गाईंसाठी पत्र्याची सावली केली होती. चांगली माणसं, त्यांचीही निम्मी जमीन पडीक होती. वहिनीनं भाकरी आणि दह्याचा वाडगा पुढं ठेवला. इतक्या दिवसांत दही पहिल्यांदाच दिसलं, आणि मी तो वाडगा नानांपुढं सरकवला.

माझी बस उन्हं कलल्यावर होती. त्याआधी नाना म्हणाले, "गंगा दावा मला." गोदावरीला तिकडं गंगाच म्हणतात. पात्र रुंद होतं, वाळूचं. मध्यभागी एक डोह उरलेला, कडेनं शेवाळलेला. सुरेखा माझ्या कानाशी म्हणाली, "ह्यांच्या अस्थी हितंच सोडल्या. भावकीतले आलते. नाना आले नव्हते. बापानं कशापायी यावं म्हणाले."

नाना धोतर गुडघ्यापर्यंत खोचून डोहात उतरले. पाणी जेमतेम पोटऱ्यांना लागत होतं. काठावर गाई आणून सोडल्या होत्या, त्या रांगेनं पीत होत्या. आम्ही दोघी वाळूत उभ्या. नानांनी ओंजळ भरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. बोटांमधून पाणी ठिबकत होतं. मग दक्षिणेकडे तोंड करून त्यांनी ती सोडली, अगदी हळू, एक थेंब इकडंतिकडं उडू न देता.

"पोरा," ते म्हणाले, "आता लई पानी न्हाई. हाय त्यात भागव."